शब्दांचे आडनावबंधू

माझं आडनाव कुलकर्णी. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. महाराष्ट्रात कुलकर्णी आडनावाच्या माणसाला स्वतःची अशी ओळख फारशी नसतेच. इतर कुलकर्ण्यांच्या ओळखी त्याला सांभाळाव्या लागतात. एस.टी.त शेजारी बसलेले गृहस्थ नाव विचारतात आणि एकदम उजळून म्हणतात, "म्हणजे साताऱ्याच्या डॉक्टर कुलकर्ण्यांचे तुम्ही कोण?" कोणी नाही म्हटलं, की चेहरा थोडा उतरतो. "मग पंढरपूरचे वकील कुलकर्णी?" तेही नाही म्हटलं, की ते गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागतात. एवढ्या कुलकर्ण्यांपैकी एकाशीही ज्याचं धड नातं निघत नाही, त्या माणसात काहीतरी खोट असणारच, असा भाव त्यांच्या पाठमोऱ्या टोपीवरसुद्धा दिसतो.

वास्तविक कुलकर्णी हा मुळात हुद्दा. गावचं दप्तर सांभाळणारा तो कुलकर्णी. जितकी गावं तितके कुलकर्णी. त्यांच्यात नाती शोधणं म्हणजे दोन गावच्या पोस्टमास्तरांना सख्खे भाऊ समजण्यासारखं आहे. उलट माझी सख्खी बहीण लग्नानंतर घाटपांडे झाली. तिचं नाक वडिलांवर, माझं आईवर. आम्ही दोघं एकत्र चाललो तर आमचं नातं कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

शब्दांच्या दुनियेतही अगदी हेच चालतं, हे मला कळलं रद्दीवाल्यामुळे. आमचा रद्दीवाला परभाषेतले कोश किलोच्या भावानं देतो. एकदा इटालियन, स्पॅनिश, जर्मन आणि स्वीडिश अशा चार भाषा मी अडीच किलोत घरी आणल्या. "एवढ्यात चार किलो कांदे आले असते," असं पत्नी म्हणाली. ते खरं होतं. पण कांद्याला बुड असतं तशी व्युत्पत्ती नसते, आणि रात्री झोप येत नसली तर कांदा वाचता येत नाही.

या विषयात मला एक प्रतिस्पर्धी आहे. ते माझे सख्खे मामा. मामा हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले आणि हिशेब संपल्यावर शब्दांकडे वळले. त्यांचा सिद्धांत सुटसुटीत आहे : जगातला कोणताही शब्द हा संस्कृत शब्द असून परदेशी माणसाच्या जिभेला वळण नसल्यामुळे तो बिघडलेला आहे. पद्धतही सोपी. दोन शब्द समोरासमोर बसवायचे आणि बघण्याच्या कार्यक्रमात बघतात तसं त्यांच्या नाकाडोळ्यांकडे बघायचं. आवाजात साम्य दिसलं की छत्तीस गुण जमले! "लॅटिनमध्ये देव म्हणजे देउस, ग्रीकमध्ये थेऑस. आणि आपला देव. आता काय राहिलं?" असं म्हणून ते पानाच्या डब्याकडे हात नेतात.

गंमत अशी, की मामांचा निम्मा नेम लागतो. देउस हा देवाचा खराच भाऊबंद आहे. पण थेऑस नाही. देउस आणि थेऑस शेजारी उभे राहिले तर जुळे वाटतील, अर्थही एक, धंदाही एक, आणि नातं मात्र काडीचं नाही. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, देवाच्या बाबतीत तरी भेदभाव करू नकोस."

पुढे आम्ही दोघं सपत्नीक युरोपला जाऊन आलो. अकरा दिवसांत सात देश, अशी ती यात्रा होती. रोमच्या हॉटेलात पहिल्याच सकाळी शेजारच्या खोलीतून मामांची आरोळी आली. न्हाणीघरात दोन नळ होते आणि एकावर 'सी' हे अक्षर होतं. मामांची जन्माची समजूत अशी, की सी म्हणजे कोल्ड. इटलीत सी म्हणजे काल्दो, आणि काल्दो म्हणजे गरम. लाल पाठ घेऊन मामा बाहेर आले. "जर्मनमध्ये काल्ट म्हणजे थंड, इंग्रजीत कोल्ड म्हणजे थंड, आणि या लोकांनी त्याच शब्दात पाणी उकळलंय!"

पाठीला खोबरेल लावता लावता मी त्यांना सांगितलं, की तो तोच शब्द नाही. काल्दो हा लॅटिन 'कालिदुस'चा मुलगा. कालिदुस म्हणजे ऊबदार. काल्ट आणि कोल्ड यांचं घराणं सर्वस्वी वेगळं. त्यांचा इटलीतला खरा चुलतभाऊ आदल्या रात्रीच मामांना भेटला होता. हॉटेलखालच्या दुकानात त्यांनी दोन पेले संपवले, तो जेलातो! जेलातो म्हणजे गोठवलेलं. लॅटिनमधला 'ग' इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात 'क' होतो, म्हणून जेलातोच्या मुळातला 'गेल्' तिकडे जाऊन कोल्ड झाला. ज्याला भाऊ समजून मिठी मारली त्यानं पाठ भाजली, आणि जो खरा भाऊ होता त्याला ओळख न देता खाऊन टाकलं.

त्याच सकाळी न्याहारीला लोण्याच्या चपट्या वड्या आल्या. वर छापलं होतं 'बुर्रो'. आमच्या बसमध्ये एक बाई होत्या. त्यांचे यजमान काही वर्षं मेक्सिकोत होते, त्यामुळे त्यांना स्पॅनिश येत असे. त्यांनी वडी उलटीसुलटी करून जाहीर केलं, की बुर्रो म्हणजे गाढव. दोन मिनिटांत ही बातमी टेबलाटेबलांवरून पसरली आणि शाकाहारी मंडळींनी कोरडा पाव चिवड्याबरोबर खाल्ला. स्पॅनिशमध्ये बुर्रो म्हणजे गाढव हे बरोबर आहे. ते लॅटिनमधल्या एका छोट्या घोड्याच्या नावावरून आलं. पण इटालियन बुर्रो आला ग्रीक 'बूत्युरॉन'वरून; इंग्रजी बटरही तिथलंच. बूत्युरॉन म्हणजे गाईचं चीज. त्यातला 'बूस' म्हणजे गाय, आणि हा बूस आपल्या संस्कृत 'गो'चा सख्खा नातेवाईक. म्हणजे गाढव समजून ज्याला दूर सारलं, त्यात खरं पाहिलं तर गोमाताच बसली होती. हे मी सांगितलं तेव्हा वड्या परत गेल्या होत्या.

अशा शब्दांना फ्रेंचांनी एक छान नाव दिलंय : 'खोटे मित्र'. कोसलर आणि देरोकिन्यी या दोघांनी 1928 साली इंग्रजी शब्दांच्या दगाबाजीवर एक पुस्तकच लिहिलं, तेव्हापासून ते नाव रूढ झालं. पण खोट्या मित्रांतही दोन जाती असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं. काही निव्वळ आडनावबंधू, बुर्रोसारखे. आणि काही खरोखरचे भाऊ असतात, पण वाटण्या होऊन तोंडं दोन दिशांना झालेले. चेक भाषेत 'चेर्स्त्वी' पाव म्हणजे ताजा पाव. सरहद्द ओलांडून पोलंडात गेलात, तर चेर्स्त्वी पाव म्हणजे शिळा पाव! शब्द एकच, आजोबा एकच. आजोबांचा अर्थ होता घट्ट, कणखर. एका नातवानं कणखरवरून तरतरीत आणि ताजा असा अर्थ काढला, दुसऱ्यानं घट्टवरून कडक आणि शिळा. हसू नका. 'शिक्षा' हा शब्द इकडे आणि हिंदीत बघा. तिकडे शिक्षामंत्री असतात आणि लोक त्यांना हार घालतात. शाळेत शिक्षा मिळते, यावर मात्र दोन्ही भाषांचं एकमत आहे.

तुम्ही म्हणाल, मग खरं नातं ओळखायचं कसं? सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याला भाषण करून सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. मामांना एवढं भाषण फार आवडतं. त्यापुढे ते जात नाहीत. पण खरी मजा त्यापुढे आहे. हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट ज्यांनी जगाला दिली, त्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबनं 1822 साली एक नियम मांडून दाखवला. शब्दांतलं साम्य बघू नका, फरक बघा, असा त्याचा इत्यर्थ. आणि तो फरक दरवेळी त्याच शिस्तीत पडतो का ते बघा. संस्कृत-लॅटिनमध्ये जिथे 'प' असतो तिथे जर्मन-इंग्रजी घराण्यात 'फ' येतो. पितृचा फादर, पादाचा फुट, पंचचा जर्मन 'फ्युन्फ', पशूचा जर्मन 'फी'. होय, जर्मनीत फी म्हणजे गुरंढोरं. लॅटिनमधल्या 'क'च्या जागी तिथे 'ह' येतो. म्हणून जर्मन 'हाबेन' म्हणजे जवळ असणं आणि लॅटिन 'हाबेरे' म्हणजेही जवळ असणं, हे दोघे भाऊ नाहीत! एकसारखे दिसतात हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा. भाऊ असते तर इतकं साम्य राहिलंच नसतं. हाबेनचा खरा नातेवाईक आहे लॅटिन 'कापेरे', म्हणजे पकडणं.

आणि चक्र बघा. चक्राचा ग्रीक भाऊ 'कुक्लोस'. त्याच्यापासून सायकल आली. इंग्रजी भाऊ 'व्हील'. चक्र आणि व्हील यांत एक अक्षर सारखं नाही, तरी दोघे एका आईचे. पुण्यातला माणूस जेव्हा सायकलचं व्हील आऊट झालं म्हणून दुकानात जातो, तेव्हा तो चक्राचं चक्र बिघडल्याची तक्रार करत असतो.

इतकं लांब तरी कशाला जायचं? वाण्याकडे जाऊन पाव किलो पाव मागा. पहिला पाव हा 'पाद'चा, म्हणजे चौथा हिस्सा. तो इंग्रजी फुटचा चुलतभाऊ. दुसरा पाव पोर्तुगीजांनी आणलेला, लॅटिन 'पानिस'चा वंशज. दोघांचा संबंध फक्त तराजूपुरता. पोर्तुगीजांनीच दिलेला दुसरा शब्द म्हणजे पगार. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं. तो आला लॅटिन 'पाकारे'वरून, म्हणजे शांत करणं. आणि त्याच्या पोटात आहे 'पाक्स', म्हणजे शांती. ज्याच्या घरी एक तारखेला पाकीट येतं, त्याला ही व्युत्पत्ती समजावून द्यावी लागत नाही.

हे सगळं मी मामांना वेळोवेळी सांगत असे आणि मामा ते एका कानानं ऐकत. पण मध्यंतरी त्यांच्या घरात असं काही घडलं, की शब्दांचा वाद अंगणातून एकदम माजघरात आला. मामांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, स्वीडनमध्ये गोटेबर्गला इंजिनीअर आहे. त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं आणि केल्यावर कळवलं. सोबत फोटो होता. मुलगी त्याच्यापेक्षा चार बोटं उंच आणि रंगानं अशी, की मामांच्या चष्म्यावर उजेड पडला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फोटो पंचांगात ठेवला आणि पंचांग कपाटात ठेवलं. पुढचे पाच महिने त्या घरात स्वीडन हा शब्द निघाला नाही. मामी फोनवर हळू आवाजात बोलत, तेव्हा मामा गॅलरीत तुळशीला पाणी घालत. ती तुळस त्या पावसाळ्यात जवळजवळ कुजली.

एकदा मुलानं मामींना काही कागद पाठवले. त्यातल्या एका रकान्यात त्याच्या नावापुढे 'गिफ्ट' असं छापलेलं होतं. मामा स्वतः होऊन माझ्याकडे आले आणि स्वीडिश कोश मागून घेतला. कोशात सरळ लिहिलं होतं : गिफ्ट. एक, विष. दोन, विवाहित.

मामांनी कोश मिटला. "बघ," ते म्हणाले. "मी काही बोललो नव्हतो. त्यांचाच कोश बोलतोय."

"स्वीडिश लोक स्पष्टवक्ते दिसतात," मामी म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव त्या बोलण्यामागे होता.

मी म्हटलं, "मामा, हे दोन्ही अर्थ एकाच बाईच्या पदरातले आहेत. 'देणं' या धातूवरून आलेत. लिहितात गिफ्ट, म्हणतात यिफ्ट. ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत, म्हणजे दिलेलं. जर्मन भाषेनं त्याचं आपल्या भाषेत 'गिफ्ट' केलं. आणि कोणी कोणाला काय दिलं, हे सभ्यपणे न बोलता सांगायचं झालं की 'दिलं' एवढंच म्हणतात. त्यातून विष झालं. दुसरीकडे लग्नातही देणंच असतं. जर्मनमध्ये हुंड्याला अजून 'मिटगिफ्ट' म्हणतात. त्यातून विवाहित झालं."

"म्हणजे मुलगी देणं," मामी म्हणाल्या. "आम्ही नाही का म्हणत, आमची ठकी कराडला दिली?"

मामा काही बोलले नाहीत. पण कोश परत न करता घेऊन गेले.

त्यानंतर ते कोश वाचत होते, हे मला मामींकडून कळायचं. हिशेबतपासनीसाची नजर ती! सुरुवातीला ते चुका शोधायला बसले होते. स्वीडिशमध्ये 'रूलिग' म्हणजे गमतीदार आणि शेजारी नॉर्वेत तोच शब्द म्हणजे शांत, हे सापडल्यावर त्यांनी मला मुद्दाम निरोप पाठवला, की तुझे विनोदी लेख वाचणारी मंडळी बहुधा नॉर्वेची असावीत. पण हळूहळू त्यांनी जुन्या खतावणीच्या वहीत रकाने पाडले. डावीकडे संस्कृत, उजवीकडे स्वीडिश. पाद : फूट. पंच : फेम. पिता : फार.

"बाप म्हणजे फार?" मामींनी विचारलं. "मग बरोबर आहे. फारच."

दिवाळीला गोटेबर्गहून एक कार्ड आलं. मामींच्या नावावर नाही, मामांच्या. मराठीतली दोन वाक्यं मुलानं गिरवून घेतलेली, 'दिवाळीच्या शुभेच्छा' मधला 'भे' उलटा, आणि खाली सही करताना त्या मुलीनं स्वतःच्या भाषेत लिहिलं होतं : तुमची स्वेरडॉटर.

मामांनी मला बोलावून घेतलं. कार्ड टेबलावर, वही शेजारी. "सून म्हणजे स्वेरडॉटर, हे कोशात पाहिलं," ते म्हणाले. "मला आधी वाटलं होतं, इंग्रजीतला सन आणि आपली सून एकच असतील."

"नाही. सनचा आपल्याकडचा भाऊ 'सूनु'. आपली सून 'स्नुषे'ची."

"ते असू दे. या शब्दाचं सांग. डॉटर ती दुहिता, एवढं मी जमवलं. पण हे 'स्वेर' कुठे बसत नाही. काही साम्यच नाही रे कशाशी."

मी पेन्सिल घेतली. "मामा, साम्य नका बघू. तुमच्या वहीसारखं बघा. संस्कृतात श्वशुर. लॅटिनमध्ये 'श'च्या जागी 'क' असतो, म्हणून तिथे 'सोकेर'. आता 'क'च्या जागी जर्मन घराण्यात काय येतं?"

"ह," मामा म्हणाले.

"जुन्या जर्मनमध्ये स्वेहुर. पुढे स्वीडिश बोलताना तो 'ह'ही दमला, गळून पडला. उरलं स्वेर. आणि आपल्याकडे श्वशुराचा झाला सासरा, श्वश्रूची सासू. तेच घर, तेच माणूस. स्वेरडॉटर म्हणजे सासरची लेक."

मामांनी चारही शब्द वहीत उतरवले, प्रत्येक अक्षराखाली अक्षर येईल असे. वरून खाली एकदा पाहिलं, खालून वर एकदा पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या जमाखर्चावर ज्या बारीक खुणा केल्या, तशी एक खूण त्यांनी शेवटी केली. मग पंचांग काढलं, फोटो काढला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. तिथे ठकी होती, कराडचे जावई होते, आणि आता चार बोटं उंच अशी ही. फोटोंत कोणाचं कोणाशी साम्य होतं म्हणता? कराडचे जावई तरी कोणासारखे दिसतात!

"तिला काय आवडतं खायला?" मामांनी मामींना विचारलं. मामींना ते पाच महिन्यांपासून ठाऊक होतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, आणखी एक सांगतो. स्वीडिश लोक आपल्या देशाला 'स्वेर्ये' म्हणतात. जुनं नाव 'स्वेआ रीके', म्हणजे स्वेआ लोकांचं राज्य. त्यातल्या 'स्वेआ'चा संबंध पंडित आपल्या 'स्व'शी जोडतात. स्वेआ म्हणजे आपली माणसं. आणि 'रीके' निघतो आपल्या 'राजन्'च्या घराण्यातला. थोडक्यात, तुमचा मुलगा राहतोय तो देश म्हणजे अक्षरशः स्वराज्य!"

वाटलं होतं, मामा उडी मारतील. टिळकांच्या पुण्यातला माणूस, वर असं आयतं संस्कृत! पण मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. गॅलरीतल्या तुळशीकडे बघावं तसं, काळजीनं.

"स्वेर्ये म्हणे स्वराज्य!" ते म्हणाले. "अरे, नुसतं ऐकायला सारखं लागतं म्हणून काहीही ठोकून द्यायचं का? दिसण्यावर जाऊ नये बाबा. व्युत्पत्ती हे शास्त्र आहे."